घरात राहा म्हणालात, बाहेर या म्हणाला नाहीत

प्रति,
राज्यातले सर्व जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि आरोग्य अधिकारी,
तसेच पुढच्या साथीत ज्यांच्या सहीने आदेश निघतील ते सर्व.

विषय : साथीच्या काळात वयस्कर माणसांना घरात राहायला सांगण्याबाबत.

स. न. वि. वि.

२०२४च्या दिवाळीआधी आमच्या गल्लीतल्या एका आजींची औषधं द्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली, बीपीच्या दोन स्ट्रिप, कॅल्शियम. पिशवी टेबलावर ठेवून निघाले, तर आजींनी विचारलं, “अगं, आता खाली उतरलेलं चालतं का?”

मला वाटलं, गुडघ्यांचं विचारताहेत. म्हटलं, “कठड्याला धरून हळूहळू उतरा, काही होत नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “गुडघ्यांचं नाही विचारत. पासष्टच्या वरच्यांनी उतरायचं नाही असं सांगितलं होतं ना, ते उठलं का?”

आजी भोळ्या नाहीत. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, माझ्या बिलाची बेरीज अजूनही त्या बोटावर तपासून घेतात. पेपर रोज वाचतात. कोरोनाची साथ संपली हे त्यांना माहीत होतं, जावई परदेशी जाऊन आला हेही माहीत होतं. पण त्यांना जे सांगितलं होतं ते वयाचं नाव घेऊन सांगितलं होतं, आणि वयाचं नाव घेऊन ते मागे घेतल्याचं त्यांच्या कानावर कधी आलंच नाही. साडेचार वर्षं त्या दुसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडत होत्या. आम्ही तीत गोळ्या घालत होतो, दूधवाला पिशवी घालत होता, आणि आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आपण त्यांची किती छान सोय केली आहे. त्या दिवशी मी वर गेले ती दोरी तुटली होती म्हणून.

तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात होतं.

मी पुण्याच्या जुन्या पेठांत औषधांचं दुकान चालवते. टाळेबंदीत सगळी शटरं खाली असताना दूधवाले आणि आम्ही एवढेच उघडे होतो. १४ जुलै २०२० पासून शहरात दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली, तेव्हाही उघडे होतो. कुणाच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे ठरलेल्या दिवशी कोण आलं नाही हेही लगेच लक्षात येतं. त्या दोन वर्षांत कोणते म्हातारे घरात बसले, कोणते बसू शकले नाहीत आणि कोणते अजून बसून आहेत, हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. पुढच्या साथीचे आराखडे करताना हे तुमच्या समोर असावं म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी की माहिती कमी पडली असं कृपा करून समजू नका. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला आमच्या पुण्यातच सापडले. १९ मार्चला पंतप्रधानांनी टीव्हीवरून ज्येष्ठांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं. त्या दिवसांत फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग हात धुवा, अंतर ठेवा. माझ्याकडे येणारे सत्तरीतले लोक हात किती सेकंद धुवायचे हे त्यांच्या नातवांपेक्षा चोख सांगायचे. मे महिन्यापासून केंद्राच्या प्रत्येक आदेशात एक वाक्य ठरलेलं होतं : ६५ वर्षांवरच्या व्यक्ती, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुलं यांनी अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचं कारण सोडून घरीच राहावं. ते वाक्य आमच्या भागातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना पाठ होतं. तरी काही जण रोज बाहेर पडत होते, आणि त्यांना बेफिकीर म्हणून आम्ही सगळ्यांनी झोडपलं. मी स्वतः झोडपलं.

एक काका रोज सकाळी साडेदहाला यायचे. बीपीची गोळी, दोन दिवसांपुरती. मी स्ट्रिप कापून दोन गोळ्या द्यायचे. आठवडाभर पाहिलं आणि मग रागावले. म्हटलं, “काका, महिन्याच्या एकदम घेऊन जा की. पैसे नंतर द्या. तुमचं वय काय, बाहेर चाललंय काय!” त्यांनी मास्क सारखा केला, मागे कोणी नाही ना हे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “घरात दोन खोल्या. मुलगा, सून, दोन नाती, मी. मुलाचं काम गेलंय, तो दिवसभर घरात. नातींचा वर्ग फोनवर. संडास वाड्यात सगळ्यांत मिळून एक. मी अर्धा तास बाहेर काढला की सुनेला पाठ टेकता येते. सासऱ्यासमोर ती बिचारी दिवसभर उभीच असते.”

त्यानंतर मी त्यांना कधी रागावले नाही. पण दोन गोळ्यांची ती गोष्ट मला विसरता येत नाही, कारण आजारपणाचं कारण दाखवून बाहेर पडायची मुभा होती आणि त्या माणसाने ती मुभा सुनेच्या विश्रांतीसाठी गोळी गोळी करून वापरली. पोलिसाने अडवलं तर दाखवायला बिल असावं म्हणून ते दोन गोळ्यांचंही बिल मागायचे.

गृहविलगीकरणाच्या सूचनांत हवेशीर वेगळी खोली आणि जमल्यास वेगळं स्वच्छतागृह हवं असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घर होतं ते आमच्या गल्लीत दहात एखादं निघेल. धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा मुंबईतल्या अधिकाऱ्यांनी हे लवकर ओळखलं. एका खोलीत आठ माणसं आणि सार्वजनिक संडास असताना घरात वेगळं राहणं शक्यच नाही, म्हणून त्यांनी शाळा आणि सभागृहं ताब्यात घेतली, लोकांची राहायची-जेवायची सोय तिथे केली, स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघरी तपासण्या केल्या आणि ज्येष्ठांकडे वेगळं लक्ष दिलं. धारावी तरली ती घर कसं आहे हे आधी पाहून मग माणसाला काय करायचं ते सांगितल्यामुळे. हे प्रत्येक शहरात, प्रत्येक प्रभागात का होऊ नये? दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथल्या म्हाताऱ्याला दिवसा चार तास बसायला जवळच्या शाळेची एक मोकळी, हवेशीर खोली उघडून दिली असती, तर काकांना माझ्या दुकानाचा बहाणा लागला नसता.

आता औषधांचं सांगते, कारण ते माझ्या हातातलं आहे.

२३ मार्च २०२० ला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आरोग्य कर्मचाऱ्यांना खबरदारी म्हणून देण्याची शिफारस झाली आणि दोन-तीन दिवसांत बाजारातून ती गोळी गायब झाली. ज्यांना तिची गरज नव्हती त्यांनी ती घरात भरून ठेवली. २६ मार्चला केंद्राने तिच्या विक्रीवर कडक निर्बंध आणले, ते बरोबरच होतं. पण संधिवाताचे माझे नेहमीचे पेशंट, त्यातल्या बहुतेक साठी-सत्तरीतल्या बायका, ही गोळी वर्षानुवर्षं घेतात. ती बंद झाली की बोटं आखडतात, सकाळी चहाचा कप धरता येत नाही. या बायका एप्रिलच्या उन्हात, रिक्षा बंद असताना, एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलला पायी फिरत होत्या. त्यांना बाहेर पडू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? ज्याची महिन्याची औषधं घरात आहेत तो घरात राहतो. एवढं साधं आहे हे. साथीची चाहूल लागताच बीपी, शुगर, थायरॉईड, संधिवात, फिट्स, हृदयविकार यांच्या ठरलेल्या रुग्णांना जुन्या प्रिस्क्रिप्शनवर तीन महिन्यांची औषधं एकदम देण्याची परवानगी आणि तेवढा माल आमच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था आदेशाच्या आधी व्हायला हवी. डॉक्टरांचे दवाखाने बंद, प्रिस्क्रिप्शन जुनं, माझ्यावर नियम, आणि समोर शुगर वाढलेली म्हातारी. अशा वेळी आम्ही काय केलं ते आम्हालाच ठाऊक आहे.

पैशांचं तसंच. एप्रिलपासून तीन महिने जनधन खात्यात बायकांना ५०० रुपये आले. रक्कम छोटी, पण ती काढायला बँकेबाहेर ज्या रांगा लागल्या त्यांत पांढऱ्या केसांच्या बायका कितीतरी होत्या, कारण एटीएम कार्ड त्यांच्याकडे नव्हतंच, किंवा होतं ते मुलाकडे होतं. श्रावणबाळ योजनेचे तेव्हा महिन्याला १००० रुपये मिळत. ज्याचा महिना त्यावर चालतो तो ते काढायला जाणारच, आदेश कितीही कडक असो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची मुदत त्या वर्षी वाढवली, ते चांगलं केलंत. पण मुदत वाढवली तरी जायचं तिथेच होतं. पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर दाखला करून देतो ही सोय तेव्हाही होती. माझ्या ओळखीच्या पेन्शनरांपैकी जवळजवळ कोणालाच ती माहीत नव्हती.

मात्र सगळ्यात मोठं कारण पैसा नव्हतं आणि जागाही नव्हती. ते होतं भय, आणि भय आजाराचं नव्हतं.

दुकानात आम्ही एक वही ठेवली होती. ताप, खोकला, सर्दीची गोळी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन त्यात लिहून घ्यायचो. हेतू चांगला होता. पहिल्या दहा-बारा दिवसांत वही भरभरून गेली आणि मग एकदम कोरी पडली. साथ वाढत होती आणि आमच्या वहीत कोणाला तापच नव्हता! लोक लांबच्या पेठेतून गोळी आणायला लागले. म्हातारी माणसं वॉचमनच्या पोराला पाठवायची, किंवा गूळ-सुंठ घेऊन गप्प बसायची. एका आजोबांनी ताप चार दिवस सुनेपासूनही लपवला. पाचव्या दिवशी ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ऐंशीच्या घरात होता. ते वाचले. पण नंतर मला म्हणाले, “मला मरायची भीती नव्हती गं. नेतील आणि परत कोणी दिसणार नाही, याची होती. माझ्यामुळे दाराला पत्रे ठोकतील, पोरं घरात अडकतील, याची होती.”

हे बोलणं पुण्यात नवीन नाही. १३ मार्च २०२० पासून राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७चा. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, मग पुण्यात पसरला, आणि कायद्याच्या जोरावर रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी पेठांतली घरं तपासली. रुग्ण दवाखान्यात, घरची माणसं विलगीकरणाच्या छावणीत, सामान रस्त्यावर. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या मागे प्रत्येक वाड्यातली लपवाछपवी होती, ती घराघरांत तोंडोतोंडी आजपर्यंत आली आहे. आमच्या आजींच्या आजीने प्लेगमध्ये माळावरच्या झोपडीत दिवस काढले होते, त्या गोष्टी ऐकत आजी मोठ्या झाल्या. त्याच पुण्यात, त्याच १८९७ च्या मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एकाच साथीत लोकांनी दोन्ही पाहिलं : दार ठोठावून माणसाला ओढून नेणारा हात, आणि पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणारा हात. कोणता हात आला आहे हे ओळखूनच माणूस दार उघडतो. २०२०च्या मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारला जात होता, घरांवर नोटिसा लागत होत्या. तरुणांना त्यात गैर वाटलं नसेल. पण ज्यांनी आयुष्यभर गल्लीत मान राखला, त्यांना दारावरच्या कागदाची जी धास्ती वाटली ती ऑक्सिजनच्या आकड्याहून मोठी होती.

म्हणून विनंती आहे की, घेऊन जाताना कुठे नेणार, किती दिवस, घरच्यांशी रोज बोलणं कसं होणार, हे आदेशात आधी लिहा. माणसाच्या भाषेत लिहा. दवाखान्यात भरती झालेल्या वडिलांशी पाच मिनिटं फोनवर बोलता येईल एवढी खात्री असती, तर कितीतरी लोक दोन दिवस आधी आले असते.

सोसायट्यांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण त्यावर त्या काळात बरंच लिहून झालं. एका सोसायटीच्या गेटवर मी औषधं घेऊन गेले होते. तिथे ब्युरोच्या बाईला आत सोडत नव्हते. वर ती ज्यांना सांभाळायची त्या बाईंना स्वतःचं अंथरूण बदलता येत नव्हतं. कमिटीचा ठराव झालेला होता. परदेशात राहणारा मुलगा फोनवरून वॉचमनला विनवत होता. घरात राहा या आदेशाचा अर्थ त्या घरात कोणी येऊ नये असा लावला, की घरात राहणंच अशक्य होतं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाकडे जाणारी व्यक्ती ही अत्यावश्यक सेवा आहे, तिला पास मिळेल, कमिटीला ते अडवता येणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहायला हवं.

आणि एक लहानशी गोष्ट, जी मला काउंटरशिवाय कळली नसती. कमी ऐकू येणारे लोक ओठ बघून ऐकतात. त्यातल्या अनेकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि त्यांना एकाएकी काहीच ऐकू येईना. प्लॅस्टिकच्या पडद्याआडून मी ओरडायचे, “दिवसातून दोनदा! जेवणानंतर!” आणि समोरचा माणूस हसून मान हलवायचा. त्यातले काही जण अपमान नको म्हणून यायचे थांबले. मास्क गेले तरी ते माघारी आले नाहीत. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या तर कित्येक महिने मिळत नव्हत्या, कारण त्या कोणाच्या अत्यावश्यक यादीतच नव्हत्या. एप्रिल २०२० मध्ये घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी आली, तेव्हाही हेच झालं. ज्याला टीव्ही नीट ऐकू येत नाही त्याचा जगाशी उरलेला एक धागा म्हणजे सकाळचा पेपर. तो तुटला, आणि उरला फक्त पडद्यावरचा मृतांचा आकडा.

आता चांगलं झालं तेही सांगायला हवं, नाहीतर पत्र एकांगी होईल.

२०२० मध्ये आषाढीची पायी वारी झाली नाही. माझ्याकडे येणारे एक माळकरी आजोबा, वय पंचाहत्तर, आळंदीपासून चालत जायचे, कित्येक वर्षांत खंड नव्हता. मला खात्री होती की हे गपचूप निघतील. ते निघाले नाहीत. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली, आणि आजोबा घरात टीव्हीसमोर टाळ घेऊन उभे होते. मी विचारलं, कसं काय राहवलं? म्हणाले, “माउलीच गाडीत बसल्या, तर मी कोण चालणारा?” सरकारने नुसतं बंद म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. ज्यांचा शब्द ते मानतात त्या संस्थानांनी, फडांनी, महाराज मंडळींनी बसून ठरवलं, परंपरा मोडली नाही, तिचं रूप त्या वर्षापुरतं बदललं, आणि त्या माणसाला घरात बसण्यात कमीपणा वाटला नाही. मला वाटतं, त्या दोन वर्षांतला वयस्कर माणसांना घरात ठेवण्याचा सगळ्यात यशस्वी प्रयोग हाच होता. त्यात एकही काठी उगारली गेली नाही.

दुसरं, मंडळाची पोरं. आमच्या चौकातल्या गणेश मंडळाच्या मुलांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली आणि एकेकाला चार-चार घरं वाटून दिली. तोच मुलगा, त्याच वेळेला, रोज. खालून हाक मारायचा. काही हवं असो वा नसो. ज्यांच्याकडे ही हाक जायची ते बाहेर पडत नव्हते, हे मी माझ्या गिऱ्हाइकांवरून खात्रीने सांगते. आणि ज्यांना हेल्पलाइनचा नंबर दिला होता ते पडत होते. नंबर डायल करायला आधी आपली अडचण मोठी आहे असं माणसाला वाटावं लागतं. “उगीच कशाला कोणाला त्रास” असं म्हणण्यात ही पिढी वाढली आहे, ती फोन करत नाही. १४५६७ हा ज्येष्ठांचा क्रमांक आता देशभर आहे आणि तो असायलाच हवा, पण हाकेचं काम त्याने होणार नाही.

मग २०२२ आलं. ३१ मार्चला केंद्राचे निर्बंध संपले, गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्याचे उठले. शोभायात्रा निघाल्या, ढोलताशे वाजले, आमच्या दुकानातून मास्कचे खोके परत गेले. सगळ्यांसाठी एकच घोषणा झाली : निर्बंध नाहीत. ज्यांना दोन वर्षं वेगळं काढून, वय सांगून, वारंवार बजावलं होतं, त्यांच्यासाठी वेगळं काही नव्हतं. आत जाताना त्यांचं वय लक्षात ठेवलंत, बाहेर काढताना विसरलात.

दोन वर्षं न चाललेल्या पायांचं काय होतं ते माझ्या बिलांत दिसतं. गुडघ्याचे पट्टे, वॉकर, बद्धकोष्ठाची औषधं, कॅल्शियम. झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांची रीघ, आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाही म्हटलं की डोळ्यांत पाणी. जे पूर्वी पर्वतीला जायचे ते सारसबागेपर्यंतही जाईनात. विष्णुसहस्रनामाचं मंडळ फोनवर सुरू झालं होतं, ते फोनवरच राहिलं आणि मग थांबलं. जोडीदार गेलेल्यांचं आणखी वेगळं : ज्यांच्या घरी त्या काळात मृत्यू झाला त्यांच्याकडे कोणी भेटायला गेलंच नाही. दहावं-तेरावं चार माणसांत उरकलं. ते दुःख कोणासमोर सांडलंच नाही, आणि नंतर बाहेर जाऊन कोणाला तोंड दाखवायचं हेच त्यांना उमगेना. चांगल्या मनाची मुलंसुद्धा “बाबा, कशाला जाताय, सगळं घरी येतंय की” म्हणायला लागली. घरपोच वस्तूंनी आमच्या म्हाताऱ्यांचं बाहेर पडणं जेवढं बंद केलं तेवढं विषाणूने केलं नाही. त्यात माझं दुकानही आहे. त्या दोरीला साडेचार वर्षं गोळ्या बांधणारी मीच होते.

हे सगळं जमणार नाही असं म्हणू नका. जुलै २०२१च्या अखेरीस मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला सुरुवात झाली. २०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदान करता आलं. आमच्या आजींनीही केलं. खोका, पडदा, कर्मचारी, पोलीस, एवढा सगळा लवाजमा दोन जिने चढून एका मतासाठी आला होता. आजी अजून ते कौतुकाने सांगतात. तेव्हा त्यांचा पत्ता, वय आणि त्या जिना उतरत नाहीत ही गोष्ट सरकारच्या कागदावर आली होती. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी असं आहे. २०११च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर होती, आता ती कितीतरी वाढली असणार. याद्या आहेत किंवा असायला हव्यात, घरी जाण्याची रीतही आहे. फक्त साथ संपल्यावर कोणी गेलं नाही.

तेव्हा माझं मागणं असं. पुढच्या साथीत वयाचं नाव घेऊन घरात राहायला सांगाल, तर त्याच आदेशात तो कधी तपासणार याची तारीख घाला आणि ती पाळा. त्या माणसाकडे रोज कोण जाईल त्याचं नाव प्रभागनिहाय ठरवा. मंडळं, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, आम्ही औषधवाले, कोणालाही सांगा, आम्ही येऊ. आणि आदेश उठेल त्या दिवशी हीच माणसं पुन्हा त्याच दारात जाऊन, वय सांगून, म्हणू देत की आता या. नुसतं म्हणून भागणार नाही. दोन वर्षं बसलेल्या माणसाला कोपऱ्यापर्यंत हात धरून चालवून आणायला पंधरा-वीस दिवस लागतात, हे मी आता अनुभवाने सांगते.

आणि मागच्या साथीचं अजून राहिलं आहे. माझ्या तीन-चार गल्ल्यांत अशी सात माणसं मला माहीत आहेत. प्रत्येक औषध दुकानदाराला विचारा, त्याला त्याच्या गल्लीतली माहीत असतील.

कळावे,

आपली,
पुण्यातली एक औषधविक्रेती

ता. क. : पाठवण्याआधी हे पत्र आजींना वाचून दाखवलं. त्यांनी बेरजा-वजाबाक्या तपासल्या आणि एक गोष्ट राहिली म्हणाल्या. त्यांच्या जिन्याचा कठडा वरून चौथ्या पायरीपाशी हलतो आणि जिन्यातला दिवा २०२१ पासून बंद आहे. मी त्यांना कठड्याला धरून उतरा असं सांगितलं होतं, ते कसं उतरणार, असं त्यांनी विचारलं. कठडा मंडळाच्या मुलांनी रविवारी बसवून दिला. दिव्यासाठी घरमालकांना लिहिलं आहे. आजी सध्या संध्याकाळी उजेड असेपर्यंत पहिल्या मजल्यापर्यंत उतरतात, तिथे पायरीवर बसतात आणि परत चढतात.